ढेकणाला खातं नाही

जामनेरसारख्या तालुक्याच्या गावात डास वाढले तर काय करायचं, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. नगरपरिषदेत अर्ज द्यायचा, नगरसेवकाला फोन लावायचा, की आज ना उद्या धुराळणीचं यंत्र गल्लीत येतं. मोकाट कुत्री, तुंबलेली गटार, मेलेलं जनावर, सगळ्यांसाठी कुणीतरी ठरलेला माणूस असतो. ढेकणांचा अर्ज कुठल्या टेबलावर द्यायचा, हे मात्र अर्ज घेणाऱ्यालाही सांगता यायचं नाही. हिवताप कार्यालयाचा संबंध डासांशी, कृषी खात्याचा पिकावरच्या किडीशी आणि स्वच्छता निरीक्षकाची हद्द उंबऱ्यापाशी संपते. ढेकूण राहतो उंबऱ्याच्या आत.

धुराळणीवाला आलाच आहे तर खोलीतही एक फेरी मारून जा, असं त्याला सांगणारे असतात. त्याचा उपयोग होत नाही. त्या धुरातले कीटकनाशकाचे थेंब इतके बारीक असतात की काही वेळ हवेत तरंगत राहतात आणि उडत्या डासाला लागतात. ढेकणाला पंख नाहीत. दिवसाचा जवळजवळ सगळा वेळ तो पलंगाच्या खाचेत, प्लायच्या सांध्यात, गादीच्या शिवणीत, विजेच्या बटणांच्या फळीमागे दडून काढतो. धूर तिथवर पोचत नाही. पोचला तरी मरायला पुरेल इतका नसतो.

गंमत अशी, की आपल्या सरकारने ढेकणांविरुद्ध म्हणून मोहीम कधी काढली नाही, तरी ढेकणांवरचा आजवरचा सर्वांत मोठा हल्ला सरकारनेच केला. नेम धरला होता डासावर. तो हल्ला कसा झाला आणि कसा फसला, हे कळल्याशिवाय आजच्या लॉजमधल्या आणि वसतिगृहातल्या फवारण्या का वाया जातात हे नीट कळत नाही.

ढेकूण सरकारी यादीत का नाही, याची गोष्ट शंभर वर्षांहून जुनी आहे. तो यादीत येता येता राहिला. १९०७ साली मद्रासजवळच्या गिंडी इथल्या किंग इन्स्टिट्यूटमध्ये वॉल्टर पॅटन हा डॉक्टर काळा आजारावर काम करत होता. या रोगाचे परजीवी ढेकणाच्या पोटात वाढतात असं त्याला दिसलं, आणि ढेकूण हाच काळा आजाराचा वाहक असावा असं त्याने मांडलं. कल्पना पटण्यासारखी होती. रोग गरिबांच्या, मातीच्या, दाटीवाटीच्या घरांत जास्त. ढेकूणही तिथेच जास्त. ही शंका बरीच वर्षं रेंगाळली. शेवटी १९४२ साली आसाममध्ये स्वामिनाथ, शॉर्ट आणि अँडरसन या तिघांनी स्वयंसेवकांना वालुमाशीचे चावे देऊन रोग तिच्यामुळेच होतो हे दाखवून दिलं. ढेकूण निर्दोष सुटला. पुढेही त्याच्यावर अनेक रोगांचा संशय घेतला गेला. प्रयोगशाळेत काही जंतू त्याच्या अंगात टिकतात हे खरं, पण नेहमीच्या जगण्यात त्याच्या चाव्यातून माणसाला एखादा रोग होतो असं सिद्ध झालेलं नाही.

चांगली बातमी आहे ही. पण प्रशासनात तिचा अर्थ निराळा निघाला. राष्ट्रीय कीटकजन्य रोग नियंत्रण कार्यक्रमात सहा रोग आहेत: हिवताप, डेंग्यू, चिकुनगुन्या, हत्तीरोग, जपानी मेंदूज्वर आणि काळा आजार. या सहांशी ज्याचा संबंध नाही त्या किड्यासाठी ना पद मंजूर होतं, ना औषध, ना फॉर्म. ढेकूण माणूस मारत नाही. तो झोप मोडतो, अंगावर गांधी उठवतो, खाजवून खाजवून जखमा करतो, फारच झाले तर लहान मुलांत आणि अशक्त माणसांत रक्त कमी होतं. आणि लाज आणतो. ‘त्यांच्या घरी ढेकूण आहेत’ एवढं वाक्य सोयरीक अडवू शकतं. म्हणून लोक अर्ज करत नाहीत, आणि अर्ज नाहीत म्हणून प्रश्न नाही, असं चालतं.

आता त्या मोठ्या हल्ल्याकडे. दुसऱ्या महायुद्धात डीडीटी हाताशी आलं. त्याचे कीटकनाशक गुण १९३९ मध्ये शोधणाऱ्या पाउल म्यूलरला १९४८ साली नोबेल मिळालं. तेव्हाच्या मुंबई प्रांतात डॉ. डी. के. विश्वनाथन हे मलेरियातज्ज्ञ होते. त्यांच्या पुढाकाराने १९४०च्या दशकाच्या मध्यात धारवाड आणि कारवारकडच्या खेड्यांत घरांच्या आतल्या भिंतींवर डीडीटी फवारून पाहिलं गेलं. हिवताप झपाट्याने उतरला. १९५३ साली देशभर राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, आणि १९५८ मध्ये त्याचं नाव बदलून ‘निर्मूलन’ झालं. हिवतापाने वर्षाला साडेसात कोटी लोक आजारी पडतात आणि आठ लाख मरतात, असा तेव्हाचा अंदाज होता. १९६०च्या दशकाच्या मध्यापर्यंत रुग्णांचा आकडा लाखाच्या आसपास आला.

तेव्हाचा पूर्व खानदेश जिल्हा, म्हणजे आजचा जळगाव, मुंबई राज्यातच होता. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर, मध्ये तापी, गिरणा, वाघूर आणि जामनेरला वळसा घालणारी कांग. खेड्यांतली घरं धाब्याची: जाड मातीच्या भिंती, वर लाकडी सरे आणि त्यांच्यावर मातीचा थर. फवारणीवाले खांद्यावर पंप घेऊन यायचे. भांडीकुंडी, धान्य, अंथरुणं अंगणात काढायची, आणि मग भिंती, सरे, आढं, कोनाडे सगळ्यांवर पांढरट फवारा. चौरस मीटरला एक ग्रॅम डीडीटी बसलं पाहिजे असा हिशोब असे. पुढे कर्मचाऱ्याच्या भेटीच्या तारखा दारामागे भिंतीवर रंगवलेल्या चौकटीत भरल्या जाऊ लागल्या. जुन्या घरांत ती चौकट अजून एखाद्या ठिकाणी चुन्याखालून डोकावते.

या फवारणीचं सगळ्यांत पहिलं, डोळ्यांना दिसणारं फळ हिवताप कमी होणं हे नव्हतं. ताप पुढच्या हंगामात आला नाही हे कळायला पुढचा हंगाम यावा लागतो. ढेकूण मात्र चार दिवसांत मेलेले दिसले. खाटेच्या पायाशी, भिंतीच्या कडेला पडलेले. खेड्यापाड्यांतून फवारणीचं स्वागत झालं त्यात या मेलेल्या ढेकणांचा वाटा फार मोठा होता, हे मलेरियाचं काम केलेल्यांनी भारतात आणि भारताबाहेरही पुन्हा पुन्हा नोंदवलं आहे. सरकारला डास मारायचा होता आणि लोक ढेकणासाठी दार उघडत होते. दोघांचं काम एकाच पंपात होत होतं, तोवर कुणाची तक्रार नव्हती.

मग ढेकूण मरेनासे झाले. हवाईमधल्या पर्ल हार्बरच्या नौदलाच्या बराकींत १९४७च्या सुमारासच डीडीटीला दाद न देणारे ढेकूण सापडले होते. १९५०च्या दशकात भारतासह अनेक देशांतून तशाच नोंदी येऊ लागल्या. दर फेरीत शंभरातले नव्व्याण्णव मरायचे आणि ज्या एकाच्या अंगात औषध पचवण्याची किंवा त्याचा घाव चुकवण्याची जन्मजात ताकद होती तो उरायचा. पुढची पिढी त्याची. वर एक विचित्र गोष्ट घडली. न मरणाऱ्या ढेकणाला डीडीटी चाळवतं. तो खाचेतून बाहेर पडतो, दिवसाढवळ्या भिंतीवर फिरताना दिसतो. लोकांनी त्यातून काढलेला निष्कर्ष त्यांच्या परीने सरळ होता: सरकारी औषधाने ढेकूण वाढतात. अनेक गावांत फवारणीवाल्यांना दारातून परत पाठवणं सुरू झालं, नाहीतर फवारलेल्या भिंतींवर बायांनी आठ दिवसांत पोतेरं फिरवलं. डासासाठीचं औषध मातीखाली गेलं. डासही याच काळात तयार होत होता. हिवताप पसरवणाऱ्या डासातली डीडीटीविरोधी ताकद १९५९ मध्ये तेव्हाच्या मुंबई राज्यातच, पंचमहाल जिल्ह्यात नोंदवली गेली. हिवताप परत आला त्याला पुष्कळ कारणं आहेत. १९७६ साली देशात चौसष्ट लाखांवर रुग्ण नोंदले गेले. पण ढेकणांमुळे बंद झालेल्या दारांचा हिशोब कुणी कारणांच्या यादीत फारसा धरत नाही. मला तो धरावासा वाटतो.

आजच्या फवारणीशी याचा संबंध थेट आहे. डीडीटी किड्याच्या मज्जातंतूंतल्या सोडियमच्या वाटांवर काम करतं: त्या उघड्याच राहतात, किडा झटके देत मरतो. आज लॉजमध्ये, घरात, ट्रॅव्हल्सच्या गाडीत मारली जाणारी डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन वगैरे औषधं दुसऱ्या कुळातली, पायरेथ्रॉइडची, पण तीही नेमकी त्याच वाटांवर बसतात. त्या वाटेची घडण ज्या ढेकणात बदलली आहे त्याला डीडीटी लागत नाही आणि डेल्टामेथ्रिनही नीट लागत नाही. आजोबांच्या घरातल्या फवारणीने निवडलेले ढेकूण नातवाच्या पेस्ट कंट्रोलला पुरून उरतात, असं म्हटलं तर त्यात अतिशयोक्ती थोडीच आहे. नव्या औषधाने ती निवड आणखी पक्की केली. दक्षिण कोरियात २०२३च्या अखेरीस ढेकणांचा गाजावाजा झाला तेव्हा तिथल्या सरकारला याच कारणाने पायरेथ्रॉइड सोडून डायनोटेफ्युरानच्या औषधांना तातडीची परवानगी द्यावी लागली.

औषधाशिवाय काय करता येतं, ते खानदेशाला आधीपासून माहीत होतं. वैशाखात खाटा, बाजा अंगणात काढायच्या, नवार सैल करायची, सांध्यांत उकळतं पाणी ओतायचं आणि दिवसभर उन्हात उलटसुलट करायच्या. यामागचे आकडे आता हाती आहेत. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातल्या प्रयोगांत ४५ अंशांना प्रौढ ढेकूण मरायला सुमारे दीड तास लागला, पण अंडी त्याच तापमानात सात तास टिकली. ४८ अंशांना प्रौढ वीस मिनिटांत संपले, अंड्यांना ७१ मिनिटं लागली. ५० च्या पुढे फार वेळ लागत नाही. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात सावलीतलं तापमान ४५ वर जातं, आणि भर उन्हातल्या लाकडाचा पृष्ठभाग त्याहून किती तरी तापतो. म्हणजे पद्धत बरोबर होती. अडचण आतल्या बाजूची. जाड गादीच्या पोटात, लाकडाच्या खोल चिरेत ऊन पोचायला वेळ लागतो, आणि वरचा भाग तापू लागला की ढेकूण सावलीच्या बाजूला सरकतो. म्हणून उलटसुलट करायचं, आणि म्हणून उकळतं पाणी. एका दिवसात भागत नाही, हेही जुन्या बायांना माहीत होतं.

पूर्वी आणखी एक आधार होता. पिंजारी दारावर यायचा, गादी उसवून कापूस पिंजून पुन्हा भरून द्यायचा. कापसाच्या मुलखात हे स्वस्त पडे. शिवणी उसवल्या, खोळ उकळली, कापूस उन्हात पसरला, की ढेकणाचं बस्तान आपोआप मोडायचं. आता फोमची गादी आहे आणि तिच्याखाली प्लायचा बॉक्स पलंग नाहीतर दिवाण. आत जुनी अंथरुणं, लग्नातले आहेर, पोरांची वह्या-पुस्तकं. हा दिवाण चौघांनी उचलला तरी दारातून बाहेर निघत नाही. रॉकेलचा बोळा फिरवायचा तर रेशनचं रॉकेलही जवळजवळ बंद झालं, आणि आगीचा धोका पाहता ते बंद झालं हेच बरं.

घर बदललं म्हणजे ढेकूण गेला असंही नाही. प्रधानमंत्री आवास योजनेतलं ग्रामीण घरकुल किमान २५ चौरस मीटरचं असतं, पक्क्या भिंतीचं. मातीच्या भिंतीतल्या असंख्य चिरा गेल्या, हा ढेकणांच्या दृष्टीने सरकारने केलेला सगळ्यांत टिकाऊ बंदोबस्त म्हणावा लागेल, जरी योजनेच्या कागदात तसा शब्दही नसला. पण नव्या घरात जुनी खाट जाते. ब्रिटनमध्ये १९३०च्या दशकात झोपडपट्ट्या पाडून नगरपालिकेच्या घरांत लोकांना हलवलं गेलं तेव्हा हीच पंचाईत झाली होती. तिथल्या पालिकांनी हलवण्याच्या दिवशीच लोकांचं सामान बंद गाड्यांत भरून त्याला हायड्रोजन सायनाइडची धुरी दिली आणि मगच नव्या घरात जाऊ दिलं. वायू महाभयंकर, आज कुणी स्वप्नातही वापरणार नाही. पण घर बदलताना सामान तपासायचं हा विचार शहाणपणाचा होता. १९३६च्या तिथल्या सार्वजनिक आरोग्य कायद्याने किडे झालेली घरं साफ करवून घेण्याचा अधिकार पालिकांना दिला आणि ‘किडे’ या शब्दात त्यांची अंडीही धरली. कायदा लिहिणाऱ्याने कुणातरी ढेकूणवाल्याला विचारलं असावं.

आपल्या कायद्यांत ढेकूण शोधायला गेलं की तो कडेकडेने दिसतो. ब्रिटिशांनी १८६७ साली केलेल्या सराय कायद्यात सराय चालवणाऱ्याने खोल्या, पडव्या आणि गटारं नीट साफ ठेवावीत, संसर्गजन्य रोगाचा माणूस उतरला तर पोलिसांना कळवावं, दरपत्रक लावावं, अशी कर्तव्यं आहेत. समाधान मॅजिस्ट्रेटचं व्हायला हवं. उतारूच्या पाठीचा उल्लेख नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मध्ये घर राहण्याजोग्या दुरुस्तीत ठेवणं हे घरमालकाचं काम आहे, पण ढेकूण ही दुरुस्ती समजायची की भाडेकरूची अस्वच्छता, यावर भांडण होऊ शकतं. सगळ्यांत मजा अन्नसुरक्षेच्या नियमांची. २०११च्या नियमावलीप्रमाणे हॉटेलच्या स्वयंपाकघरात कीड नियंत्रण बंधनकारक आहे, तपासणीला येणारा निरीक्षक त्याची कागदपत्रं पाहतो. त्याच इमारतीत वरच्या मजल्यावरच्या खोल्यांतल्या गाद्यांना तसा निरीक्षक नाही. भाकरीला आहे, झोपेला नाही.

जामनेर तालुका अजिंठ्याच्या वाटेवर आहे. पहूरवरून फर्दापूरकडे जाणाऱ्या रस्त्याने पर्यटक येतात, शेंदुर्णीला त्रिविक्रमाच्या दर्शनाला यात्रेकरू येतात, शिवाय लग्नाची वऱ्हाडं, जिनिंगच्या हंगामातले मजूर, बदलीवर आलेले कर्मचारी. लॉज, भक्तनिवास, मंगल कार्यालय, भाड्याची खोली, असा ढेकणांचाही प्रवास चालतो. तो बॅगेच्या शिवणीतून आणि गुंडाळलेल्या वळकटीतून होतो. यातला एक वाहक कुणाच्या लक्षात येत नाही: बिछायत. मंडपवाल्याकडच्या गाद्या-उशा आज एका गावच्या लग्नात, परवा दुसऱ्या गावच्या. हंगाम संपला की गोदामात एकावर एक. ढेकूण जातो खोळीच्या कडेने. लॉजला निदान पत्ता असतो, बिछायतीला तोही नसतो.

ढेकणांच्या बाबतीत दुसरीकडच्या सरकारांनी काय केलं? न्यूयॉर्कमध्ये २०१० पासून घरमालकाला नव्या भाडेकरूला मागच्या वर्षभरातला ढेकणांचा इतिहास लेखी द्यावा लागतो. फ्रान्सने २०१८ मध्ये भाड्याचं घर उपद्रवी किडे नसलेलं असलं पाहिजे अशी अट कायद्यात घातली. तिथल्या अन्न व पर्यावरण सुरक्षा संस्थेच्या पाहणीत २०१७ ते २०२२ या काळात ११ टक्के कुटुंबांच्या घरी ढेकूण होऊन गेले होते, आणि तरी २०२३ मध्ये पॅरिसमध्ये गोंधळ उडालाच. कायद्याने ढेकूण मरत नाही. लपवण्याचा फायदा तेवढा कमी होतो, आणि माझ्या मते तेच महत्त्वाचं आहे. आपल्याकडे आज हाताशी दात असलेला एकच कायदा आहे, तो म्हणजे ग्राहक संरक्षण कायदा. दक्षिण कन्नडच्या जिल्हा ग्राहक आयोगाने खासगी स्लीपर बसमध्ये ढेकूण चावल्याबद्दल एका प्रवासी महिलेला सव्वा लाखांहून जास्त भरपाई देण्याचा आदेश दिला होता. जळगावलाही जिल्हा आयोग आहे. लॉजच्या बिलाची पावती, फोटो आणि डॉक्टरचा कागद असला तर तक्रार करता येते. पावती मात्र मागून घ्यावी लागते.

सरकार स्वतःही मोठा लॉजवाला आहे, हे आपण विसरतो. समाजकल्याणची वसतिगृहं, यावलच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाखालच्या आश्रमशाळा, पोलीस वसाहती, रुग्णालयं, विश्रामगृहं. जुन्या काळी रुग्णालयांत आणि बराकींत लाकडी पलंग जाऊन लोखंडी खाटा आल्या त्यात ढेकणांचा मोठा हात होता. लोखंडाला चिरा कमी, आणि आग दाखवली तरी जळत नाही. हा विचार पुढे विसरला गेला. आज वसतिगृहांत लोखंडी पलंगावरही प्लायची फळी टाकलेली असते आणि ढेकणांना दोहोंमधली फट मिळते.

अशा ठिकाणी फवारणीचं कंत्राट बहुधा मे महिन्यात निघतं, कारण खोल्या रिकाम्या असतात. ढेकणाच्या बाजूने विचार केला तर ही वेळ अर्धवट आहे. माणूस नसला की तो दूर आत जातो आणि माणसाचा वास, ऊब काही आली नाही तर हलत नाही. प्रौढ ढेकूण उपाशीपोटी काही महिने काढू शकतो. उन्हाळ्यात ही मुदत कमी होते, पण सुट्टीपुरती पुष्कळदा निभते. जूनमध्ये पोरं येतात, त्यांच्या पेट्यांतून नवे पाहुणेही येतात. कंत्राटाची दुसरी खोट अशी, की ते एका फवारणीचं असतं. बहुतेक औषधांनी अंडी मरत नाहीत. मादी रोज एखाद-दोन, आयुष्यात दोनशे वा त्याहून जास्त अंडी घालते, आठवडा-दहा दिवसांत ती फुटतात. पिल्लू पाच वेळा कात टाकतं आणि प्रत्येक कातीआधी एकदा तरी रक्त पितं. मसुराच्या डाळीएवढा प्रौढ व्हायला उबेत पाच-सहा आठवडे पुरतात. म्हणजे पहिल्या फवारणीनंतर दोन आठवड्यांनी दुसरी केली नाही तर पहिलीचे पैसे पाण्यात. ‘प्रति चौरस फूट एवढा दर, एक वेळ’ अशी निविदा काढणाऱ्याने ढेकणाचं आयुष्य वाचलेलं नसतं. शिवाय चौरस फूट मोजायची गोष्टच चुकीची. ढेकूण फरशीवर राहत नाही, तो खाटांवर राहतो. दर खाटेमागे ठरवावा.

आपल्याकडचा ढेकूण आणखी एका बाबतीत वेगळा आहे. थंड मुलखात आढळणाऱ्या जातीपेक्षा उष्ण मुलखातली जात गुळगुळीत पृष्ठभागावर सहज चढते, कारण तिच्या पायांवरच्या गादीवर चिकटणारे केस जास्त असतात, असं मलेशियात झालेल्या अभ्यासात दिसलं. परदेशी कंपन्या खाटेच्या पायाखाली ठेवायचे गुळगुळीत वाटीसारखे सापळे विकतात, ते इथे तितकेसे चालत नाहीत.

आता धोक्याचं. खानदेश कापसाचा आणि त्यामुळे कीटकनाशकांचा मुलूख. घरात कपाशीची बाटली पडलेलीच असते, आणि ढेकणांनी हैराण झालेला माणूस तिचंच झाकण उघडतो. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली शेतात फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले. तिथे निदान मोकळी हवा होती. तेच औषध बंद खोलीत, पोरं झोपतात त्या गादीवर मारणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. घरोघरी ढेकणांवर वापरलं जाणारं नुवान, म्हणजे डायक्लोरव्हॉस, २०२० अखेरपासून देशात बंद आहे. जुनी गॅमेक्झिन पावडर, तिच्यातलं बीएचसी आणि लिंडेन, तेही बंद. जुन्या बाटल्या आणि पुड्या मात्र माळ्यावर निघतातच. सगळ्यांत वाईट म्हणजे धान्यात ठेवायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या. ओल लागली की त्यांतून फॉस्फिन वायू सुटतो. तो भिंतीच्या फटीतून शेजारच्या खोलीत जातो आणि त्याच्यावर प्रतिविष नाही. या गोळ्यांची विक्री नियमाप्रमाणे सर्वसामान्यांना करायचीच नाही. तरी भाड्याच्या खोल्यांत ढेकणांसाठी त्या ठेवल्या जातात आणि शेजारी झोपलेली माणसं मरतात, अशा बातम्या अधूनमधून येत राहतात.

कीटकनाशक कायदा १९६८ चा, नियम १९७१ चे. घरं-हॉटेलं फवारण्याचा धंदा करायला कृषी खात्याचा परवाना लागतो. पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावताना तो पाहायला मागावा, कोणतं औषध मारणार ते कागदावर लिहून घ्यावं आणि दोन आठवड्यांनी पुन्हा येण्याचं ठरल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. नगरपरिषदेनेही एवढंच करावं: लॉज, भक्तनिवासं, मंगल कार्यालयं आणि बिछायतवाले यांची एक वही ठेवावी, वर्षातून दोनदा, वैशाखात आणि दिवाळीनंतर, स्वच्छता निरीक्षकाने हातात बॅटरी घेऊन दहा-दहा गाद्यांच्या शिवणी पाहाव्यात आणि काय दिसलं ते दारावर लावावं. यासाठी नवा कायदा लागत नाही. बॅटरीचे सेल मात्र कुठल्या हेडखाली घ्यायचे, यावर टिपण फिरू शकतं.